दार अडवणाऱ्या क्रॉसओव्हरचा सूड

मी एक जुना क्रॉसओव्हर आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी काही गोड स्वभावाचा नाही. जुन्या वस्तू आपली हकिगत सांगायला बसल्या की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणून सोडतात. छत्री आपल्या मोडक्या काड्यांचं दुःख सांगते, घड्याळ आपल्या गंजाचं सांगतं. मी त्यातला नाही. मी चौदा महिने एका माणसावर डूख धरून होतो. त्याची फजिती व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो. ती झाली. कशी झाली, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

क्रॉसओव्हर हे नाव तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलं नसेल, कारण आम्ही कोणाला दिसतच नाही. घरातल्या मोठ्या स्पीकरची लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तिच्या तोंडावर खाली एक मोठा गोल असतो आणि वर एक छोटा. मी अशाच एका पेटीच्या पोटात, मागच्या भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेला होतो. अँप्लिफायरकडून येणारे सूर सगळे एकत्र कालवलेले असतात, जाडही आणि बारीकही. ते मी चाळणीसारखे चाळायचो. जाड सूर मोठ्या स्पीकरकडे, बारीक सूर छोट्याकडे. मोठ्याला मी थोरला म्हणायचो आणि छोटीला धाकटी.

थोरला दांडगट होता. त्याच्या अंगावर काहीही टाका, पचवायचा. धाकटी मात्र रेशमी कापडाची, अंगठ्याच्या टोकाएवढी, आणि तिच्या पाठीशी गुंडाळलेली तार केसासारखी. जड सूर तिच्या अंगावर जोरात गेला तर ती तार जळून जाणार हे ठरलेलं. म्हणून तिच्या वाटेवर माझा एक पिवळा कपॅसिटर उभा असे. बारीक सुरांना तो हसत वाट द्यायचा आणि जड सुरांना दारातूनच परत पाठवायचा. बाकी माझ्या अंगावर तांब्याच्या तारेची दोन कॉइल्स होती, तीन-चार कपॅसिटर होते आणि दोन रेझिस्टर. मला स्वतःला विजेचं वेगळं बटण नव्हतं. येणाऱ्या सुरांवरच माझं भागायचं. अशा बिनविजेच्या क्रॉसओव्हरला पॅसिव्ह म्हणतात. शब्द जरा बावळट वाटतो, पण माझं काम बावळट नव्हतं.

मला आत्याने बनवलं. ती तशी एकाच भाच्याची आत्या, पण घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला आत्याच म्हणे, म्हणून मीही म्हणतो. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात ती कॉइलला तारेचे वेढे घालायची. वेढे मोजताना ती कोणाशी बोलत नसे. माझं मोठं कॉइल गुंडाळत असताना काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, आज जेवायला काय आहे असं विचारलं. तिने दोनशे तेरा असं उत्तर दिलं. काका सुतार. त्यांनी मुकाट्याने जाऊन स्वतःच भांड्यावरचं झाकण उघडून पाहिलं.

त्या कारखान्यात बायकांचा एक नियम होता. जाड तारेच्या कॉइलला लाल नळी घालायची आणि बारीक तारेच्या कॉइलला पांढरी. कागदात गुंडाळल्यावर दोन्ही कॉइल्स सारखीच दिसत आणि अदलाबदल झाली तर सगळा माल वाया जाई. लाल म्हणजे जाड. आत्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं. माझ्यावरही तिने तसंच केलं. थोरल्याच्या कॉइलला लाल नळी, धाकटीच्या कॉइलला पांढरी. माझ्यासारखाच दुसरा एक तिने बनवला, तो माझा जुळा भाऊ. मी उजव्या पेटीत बसलो, तो डाव्या पेटीत. पेट्या काकांच्या हातच्या. त्यांनी आम्हा दोघांच्या खालची फळीसुद्धा एवढ्या जाड प्लायवूडची केली की आत्या म्हणाली, हे काय रेल्वेखाली घालायचं आहे का.

आवाज जुळवायची तिची रीत और होती. काका लाकडाची मापं मोठ्याने वाचत असताना तिने ती टेपवर घेतली. मग काकांना पेटीशेजारी उभं केलं. आधी टेप वाजवायची, मग काकांना तीच मापं वाचायला लावायची. चार फूट दोन इंच, टेपमधून. चार फूट दोन इंच, काकांच्या तोंडून. डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, पेटीतले तुम्ही जरा जास्त टोचता. मग माझा एक रेझिस्टर बदलायची. असे सहा रविवार गेले. काकांचा घसा बसला, पण सातव्या रविवारी तिला दोन काकांमधला फरक कळेना. त्या दिवशी तिने पेटीची पाठ बंद केली.

त्यानंतर एकतीस वर्षं मी एक दिवसही रजा घेतली नाही. आत्या कामावरून आली की चहा घेऊन अर्धा-पाऊण तास पेट्यांसमोर बसायची. कधी गाणी, कधी जुनी नाटकं. शेजारची माणसं यायची आणि विचारायची की केवढ्याला घेतल्या. काका पेट्यांवर थाप मारून आत्याकडे बोट दाखवायचे. तो सुतार माणूस, स्वतःच्या लाकडाचं कौतुक सोडून आतल्या तारेचं कौतुक करायचा. मला ते फार आवडायचं. धाकटीही खूष असायची. तिला मी एकतीस वर्षांत एकदाही दुखू दिलं नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगेन.

मग मी बिघडलो. खोटं कशाला बोलू. थोरल्याच्या वाटेवरचा माझा एक कपॅसिटर आतून सुकत गेला. जे सूर मी थोरल्याकडे जाऊ द्यायचे नव्हते ते जायला लागले, आणि बोलणारा माणूस नाकातून बोलल्यासारखा येऊ लागला. आत्याच्या ते लगेच लक्षात आलं. दोन कपॅसिटर बदलले की झालं, असं ती काकांना म्हणालीही. पण त्याच सुमारास तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी तिला बारीक काम करायला मनाई केली होती. थोडं थांबावं लागणार होतं, एवढंच. तेवढ्यात भाचा आला.

भाचा मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायच्या कंपनीत होता. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्याने याच घरात काढलेल्या. आत्यावर त्याचा जीव होता, हे मला आज कबूल करावं लागतं. तेव्हा मी केलं नसतं. त्याने पेटीची पाठ उघडली, माझ्या तोंडावर बॅटरी मारली आणि हसला. त्याचं म्हणणं असं की हे पॅसिव्ह प्रकरण आता कोणी ठेवत नाही. हे अँप्लिफायरच्या पुढे बसतं, निम्मा जोर गिळतं आणि नुसतं तापतं.

मी गिळतो! ज्याने आयुष्यभर स्वतःसाठी विजेचा एक थेंब मागितला नाही, त्याला हा दिवटा खादाड म्हणत होता. मी तापायचो, ते खरं आहे. काम करणारं अंग तापतंच.

त्याने माझ्या जागी आणला तो काळा डबा. अॅक्टिव्ह क्रॉसओव्हर. हा पेटीत बसत नाही, फळीवर मिरवतो. त्याला स्वतःची वीज लागते, त्याला हिरवा दिवा असतो. तो सूर चाळतो ते अँप्लिफायरमध्ये जाण्याआधी, सूर अगदी लहान असतात तेव्हा. मग जाड सुरांना एक अँप्लिफायर आणि बारीक सुरांना दुसरा, आणि तिथून वायरी थेट थोरल्याकडे आणि थेट धाकटीकडे. दोन पेट्यांना मिळून चार अँप्लिफायर. मध्ये कोणी नाही. मध्ये कोणी नाही, ही गोष्ट भाचा मोठ्या अभिमानाने सांगत होता. वायरी ओळखायला त्याने त्यांना रंगीत पट्ट्या गुंडाळल्या. धाकटीच्या वायरीला लाल, कारण त्याच्या मते लाल म्हणजे जपून. थोरल्याच्या वायरीला पांढरी. काकांना तो हे सांगत होता तेव्हा आत्या स्वयंपाकघरात होती.

काकांनी विचारलं की आपल्या दोन वायरी आणि तुझ्या चार, यात सुधारणा ती कोणती. त्यावर भाच्याने खोलीच्या मधोमध एक बारीक माइक उभा केला आणि पेट्यांमधून शीळ घालावी तसा एक आवाज खालपासून वरपर्यंत सोडला. तो माइकला जोडलेल्या पडद्यावरची रेघ बघत डब्याला हुकूम देत गेला. आत्याला सहा रविवार लागले होते. त्याला एक दुपार लागली.

आणि आवाज चांगला आला. हे सांगताना माझ्या जिवाला अजून यातना होतात, पण चांगला आला. शत्रू बेसूर असता तर मी दिलदार झालो असतो. आत्या बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "स्वच्छ आहे रे." त्या एका शब्दाने माझी एकतीस वर्षं मळकट झाली.

मग तिने सहज हात पुढे करून एका वायरीची पट्टी बघायला घेतली. भाचा पटकन म्हणाला, "आत्या, तू आता यात हात घालू नकोस. हे वेगळं प्रकरण आहे, तुला नाही जमायचं."

आत्या "बरं" म्हणाली आणि हात मागे घेतला.

मित्रांनो, माझा पाणउतारा मी गिळला असता. पण माझा एकेक वेढा मोजणाऱ्या बाईला तिच्या घरात, तिच्या पेटीपुढे, हात मागे घ्यायला लावला, ते मी विसरणार नव्हतो. त्याच दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली.

मला फेकलं नाही. फेकलं असतं तर बरं, असं वाटण्यासारखी सोय झाली. काकांच्या त्या जाड प्लायवूडमुळे आणि तांब्याच्या वजनामुळे मी दार अडवायला उत्तम आहे हा शोध भाच्यानेच लावला. वाऱ्याने त्या खोलीचं दार आपटायचं. म्हणून मला दाराशी ठेवलं आणि भावाला गॅलरीच्या दाराशी. भाऊ शांत स्वभावाचा. त्याने दार अडवलं आणि गप्प राहिला. मी मात्र तिथून रोज काळ्या डब्याचा हिरवा दिवा बघायचो आणि दात खायचो. वर पेटीच्या तोंडावर धाकटी मला दिसायची. ती काळ्या डब्याच्या सुरांवर गात होती आणि छान गात होती. तेही मला खुपायचं. तिने जरा तरी रुसायला हवं होतं, असं मला वाटायचं.

एकदा भाचा अनवाणी खोलीत येत होता. त्याच्या पायाची करंगळी माझ्या प्लायवूडच्या कोपऱ्यावर सणसणीत बसली. तो एका पायावर नाचत सोफ्यापर्यंत गेला. काका म्हणाले, जुनं सामान आहे, ओळख विसरत नाही. तेवढ्यावर मी दोन महिने काढले. पण करंगळीने माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. मला तो काळा डबा जळायला हवा होता. त्याच्या भोकांतून धूर यावा, भाच्याने मान खाली घालावी आणि आत्याने मला दारातून उचलून पुन्हा चार स्क्रूंनी पेटीत बसवावं. मला दुसरं काही नको होतं.

चौदा महिन्यांनी रंगारी आला. त्या भिंतीला ओल आली होती, म्हणून फळी सरकवावी लागली आणि सगळ्या वायरी काढाव्या लागल्या. भाचा कामासाठी आठवडाभर परगावी होता. रंगारी दोन दिवसांत भिंत करून गेला. सामान जागेवर आलं, वायरी लोंबत राहिल्या. काका म्हणाले, राहू दे, तो आला की लावेल. आत्याही राहू दे म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिच्या कारखान्यातल्या तिघी जुन्या मैत्रिणी यायच्या होत्या. आमच्या पेट्या ऐकून जा, असं तिनेच त्यांना बोलावलं होतं. चाळीस वर्षं तारेत हात घातलेली बाई आपल्याच मैत्रिणींना काय सांगणार, की भाच्याशिवाय मला वायर लावता येत नाही?

दुपारी काका बाहेर गेल्यावर तिने चष्मा लावला आणि उजव्या पेटीमागे खाली बसली. दोन्ही पेट्या एकदम नाही. एक कॉइल गुंडाळून तपासल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, ही तिची जुनी सवय. पेटीच्या पाठीवर कुठली जोडी थोरल्याची आणि कुठली धाकटीची हे तिला पाठ होतं, त्या तिनेच एके काळी जोडल्या होत्या. प्रश्न होता तो अँप्लिफायरकडून येणाऱ्या वायरींचा. तिने पट्ट्या बघितल्या. एक लाल, एक पांढरी. तिचा चेहरा उजळला. यात न समजण्यासारखं काय होतं? लाल म्हणजे जाड. तिने लाल पट्टीची वायर थोरल्याला लावली आणि पांढरी धाकटीला.

मी दारातून सगळं पाहत होतो. उलटं झालंय, हे मला त्याच क्षणी कळलं. भाच्याचा रंगांचा हिशोब मी माझ्या कानांनी ऐकला होता. आणि मित्रांनो, मला आनंद झाला. मला वाटलं, आता डबा मेला. उलट्या वायरी लागल्या, आता त्याच्या पोटात काहीतरी फुटणार आणि हिरवा दिवा कायमचा विझणार. तेही आत्याच्या हातून. याहून सुरेख सूड मी स्वतः बसून योजला असता तरी मला सुचला नसता.

तिने बटण दाबलं. पेटीतून फुसफुसल्यासारखं काहीतरी बारीक आलं. थोरल्याला बारीक सूर मिळाले होते, त्याला ते गाता येत नव्हते. धाकटीला जड सूर मिळाले होते, ते तिच्या तोंडून बाहेर पडत नव्हते. आत्याला वाटलं आवाज लहान आहे. तिने बटण फिरवलं. अजून काही नाही. तिने आणखी फिरवलं.

वाढव, आत्या, वाढव, असं मी म्हणत होतो.

चाळीस नाही तरी एकतीस वर्षं मी मध्ये उभा होतो. म्हणून मध्ये कोणी नसलं तर काय होतं, हे त्या घरात सगळ्यांत आधी मला आठवायला हवं होतं; पण मला फक्त डबा दिसत होता. डब्याला काही होणारच नव्हतं. डब्याला कुठल्या वायरीच्या टोकाला कोण बसलंय याचं सोयरसुतक नसतं. वर धाकटी थरथरायला लागली. आधी थोडी, मग वेड्यासारखी. मग टप् असा एक आवाज झाला आणि ती थांबली. तिच्या कडेने जळक्या लाखेचा वास आला. तो वास आत्याने कारखान्यात हजारदा घेतलेला होता. तिने धावत बटण बंद केलं, पण तोवर काही उरलं नव्हतं. हिरवा दिवा चालूच होता.

आत्या जमिनीवर बसली, तिने त्या दोन वायरींकडे पाहिलं आणि त्या उलट लागल्याचं तिला कळलं. मीही माझ्या जागेवर होतो. मला त्या दिवशी पहिल्यांदा दार अडवणं सोपं वाटलं, कारण मला हलता आलं असतं तर मी कुठे गेलो असतो, हे मला सांगता येत नाही.

काका आले. त्यांनी वास घेतला आणि तिचा चेहरा पाहिला. त्यांनी सुचवलं की वीज कमी-जास्त झाली असं भाच्याला सांगू. तिने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी मैत्रिणी आल्या. तिने त्यांनाही सरळ सांगितलं. त्या तिघींनी वायरी हातात घेऊन पाहिल्या आणि एकमुखाने निकाल दिला की लाल म्हणजे जाड, यात आत्याचं चुकलं काय. एकीने तर भाच्याचा पत्ता मागितला.

भाचा रविवारी आला. आत्याने त्याला पाणी द्यायच्या आधीच सांगितलं, "उजवीकडची धाकटी जळाली. वायरी मी लावल्या."

धाकटी हे नाव फक्त माझं आहे अशी माझी समजूत होती. ती तिलाही तेच म्हणत होती. मला चौदा महिन्यांत कोणी इतकं मारलं नव्हतं.

भाचा पेटीमागे गेला, वाकून वायरी बघितल्या, मग पेटीच्या तोंडाशी नाक नेलं. मी वाट बघत होतो. आता हा म्हणणार, सांगितलं होतं ना हात घालू नकोस. म्हणाला असता तर माझं अर्धं ओझं तरी उतरलं असतं. तो तिथेच मांडी घालून बसला.

"लाल का लावलीस थोरल्याला?" त्याने विचारलं.

"लाल म्हणजे जाड. तुला मी लहानपणी कॉइलच्या पेटीशी खेळायला बसवायचे, तेव्हापासून तू ते बघतोयस."

त्याला ते आठवलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चूक माझी आहे आत्या. धाकटीच्या वायरीत एक कपॅसिटर ठेवायचा असतो. वायरी चुकल्या तरी तिला काही होऊ नये म्हणून. माहीत होतं मला. माझी रेघ थोडी वाकडी होईल म्हणून मी ठेवला नाही."

त्याची मान खाली गेली होती, मित्रांनो. हेच मी मागितलं होतं. अगदी असंच. आणि ती खाली गेलेली मान बघायला माझ्यात काही शिल्लक नव्हतं.

तसली धाकटी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. भाचा आठ दिवस दुकानं पालथी घालत फिरला आणि जवळपास तशीच एक नवी घेऊन आला. येताना त्याने एक कपॅसिटरही आणला होता. आत्याने तो हातात घेऊन पाहिला आणि परत ठेवला. मग ती दाराकडे आली आणि तिने मला उचललं. एवढ्या महिन्यांत तिने मला पायाने सरकवलं होतं, हाताने उचललं नव्हतं. टेबलावर ठेवून तिने माझ्यावरची धूळ फडक्याने पुसली, सोल्डरची गन तापवली आणि माझा पिवळा कपॅसिटर काढला. गॅलरीतून भावाला आणून त्याचाही काढला.

भाच्याने मोजून पाहिलं. कपॅसिटर अजून ठणठणीत होते, पण ते त्याच्या कामाला लहान पडत होते. ते लावायचे तर काळ्या डब्याला पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागेल, असं तो म्हणाला.

"मग जुळव," आत्या म्हणाली. "आजवर आम्ही तुझ्या डब्याला सांभाळून घेतलं. आता त्याने घ्यावं."

त्याने पुन्हा माइक उभा केला. डाग देण्याचं काम आत्याने केलं, हात स्थिर होता. पट्ट्याही तिने बदलल्या. आता त्या घरात लाल म्हणजे जाडच आहे आणि भाच्याला ते मान्य आहे. माझी फळी, कॉइल्स आणि बाकीचा संसार अजून दार अडवतो. पण माझा जीव त्या पिवळ्या कपॅसिटरमध्ये होता, तो आता उजव्या पेटीत, धाकटीच्या जागेमागे बसला आहे. ज्याला मी जळताना बघायला आसुसलो होतो, तो डबा रोज माझ्या हिशोबाने वागतो. लोक याला सूड पूर्ण होणं म्हणत असतील.

नवी गुणी आहे. तिचं माझ्याकडे काही मागणं नाही. मी तिच्या वाटेवर डोळ्यांत तेल घालून उभा असतो आणि इतकी वर्षं जे केलं तेच करतो.

मित्रांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. घरातली जुनी वस्तू नको झाली तर खुशाल काढा, आम्ही काही कायमचे राहायला आलेलो नसतो. पण काढण्याआधी ती कोणाच्या आणि कशाच्या मध्ये उभी होती, एवढं वाकून बघा. तिथे दुसरं कोणी उभं केल्याशिवाय तिला हलवू नका. आणि तुम्हाला कोणी बाजूला सारलं, तुमचा पाणउतारा केला, तर रागवा, भांडा, करंगळीवर बसा. पण काहीतरी जळावं असं मागू नका. आग लागली की ती सगळ्यात बारीक तार आधी शोधते.

माझ्या भावाने काही मागितलं नव्हतं. त्याचा कपॅसिटर डाव्या पेटीत बसला आणि त्याच्या वाट्याला त्याची धाकटी परत आली. दुपारी आत्या चहा घेऊन बसली की ती डाव्या पेटीतून गाते आणि मला समोरून ऐकू येतं. ती आणि माझी जळालेली, दोघी एकाच खोक्यातून, एकाच दिवशी या घरात आल्या होत्या. आवाज अगदी सारखा होता.